तेल उकळत नाही, पाणी उकळतं

कढईत चकल्या सोडल्या की जो खळखळाट होतो ना, तो तेलाचा नसतो. तेल तिथे नुसतं तापून बसलेलं असतं. उकळत असतं ते चकलीच्या आतलं पाणी, भाजणीची उकड काढताना आपणच घातलेलं. शेंगदाण्याचं म्हणा, सूर्यफुलाचं म्हणा, खायचं तेल आपल्या घरच्या कढईत कधी उकळतच नाही, तेवढं टेंपरेचर गाठायच्या आधीच ते धूर सोडतं, मग जळकट वास मारायला लागतं आणि तरी गॅस चालूच ठेवला तर सरळ पेट घेतं. त्यामुळे कढईत जेव्हा जेव्हा बुडबुडा दिसतो तेव्हा तिथे कुठेतरी पाणी आहे, एवढं पक्कं समजायचं.

मी बीएस्सी फिजिक्स केलं, पुढे नोकरी भलतीकडेच लागली, पण दिवाळीच्या आधी सासूबाईंबरोबर फराळाच्या ऑर्डरी करते त्यामुळे कढईसमोर उभं राहणं भरपूर होतं. आणि मला हे बघायला मनापासून आवडतं. तळण म्हणजे तेलाची गोष्ट असं सगळे धरून चालतात, पण तेल फक्त उष्णता पोचवतं, बाकी सगळं नाटक पाण्याचं आहे. पदार्थ फुगतो, खुसखुशीत होतो, तेलकट होतो, फुटतो, हातावर उडतो, सगळं पाण्यामुळे. हे एकदा डोक्यात बसलं की स्वयंपाकघरातल्या अर्ध्या सूचनांचा अर्थ लागतो, ज्या आपल्याला लहानपणापासून "असंच करायचं" म्हणून सांगितल्या गेल्यात.

आधी एकाच थेंबाचं बघू. तेल १८० डिग्रीला आहे आणि त्यात पाण्याचा एक थेंब पडला, समजा तीन मिलिमीटरचा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे तो वर तरंगत नाही, खाली जायला लागतो. तेल आणि पाणी मिसळत नाहीत म्हणून तो गोल गोळीसारखाच राहतो. आता त्याच्या चारी बाजूंनी १८० डिग्रीचं तेल आहे, म्हणजे त्याला शंभरच्या पुढे जायला क्षणभरही लागत नाही, मग लगेच वाफ व्हायला हवी की नाही? तर गंमत अशी की कधी होते, कधी होत नाही. पाण्याला उकळायला नुसतं टेंपरेचर पुरत नाही, बुडबुडा सुरू व्हायला जागा लागते. पातेल्यात पाणी उकळतं तेव्हा बघा, बुडबुडे तळाच्या ठरावीक ठिकाणांवरूनच वर येत असतात, कारण तिथे बारीक चरे असतात, खड्डे असतात, त्यात हवा अडकलेली असते. तेलात बुडालेल्या थेंबाला असं काहीच मिळत नाही, चारी बाजूंनी गुळगुळीत तेल. मग ते पाणी शंभरच्या वर जाऊनही पाणीच राहतं. रॉबर्ट अ‍ॅपफेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९७२ साली एका वेगळ्या द्रवात (खायचं तेल नव्हतं ते) पाण्याचे बारीक थेंब साध्या हवेच्या दाबाखाली जवळजवळ २८० डिग्रीपर्यंत न उकळता नेऊन दाखवले होते. २८० डिग्रीचं पाणी, कुकर नाही, दाब नाही, काही नाही!

अर्थात आपल्या कढईत इतकं शांतपणे काही होत नाही. थेंब खाली जातो, कढईच्या तळाला टेकतो, तिथे चरे आहेत, मागच्या घाण्याचा चुरा बसलेला आहे, किंवा वाटेतच एखादा पिठाचा कण भेटतो, आणि तिथे पहिला बुडबुडा जन्माला येतो. मग मात्र तो थांबत नाही, कारण सगळं पाणी आधीच शंभरच्या वर जाऊन टपून बसलेलं असतं, एकदम वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती साधारण १७०० पट जागा मागते. आपला तो तीन मिलिमीटरचा थेंब म्हणजे पाणी किती, तर ०.०१४ मिलिलिटर, आणि त्याची वाफ होते जवळपास २४ मिलिलिटर, म्हणजे छोट्या चमच्याने पाच चमचे. पाच चमचे वाफेला तेलाच्या पोटात एका क्षणात जागा हवी असते, ती वरचं तेल ढकलून देते, आणि तेच तेल आपल्या मनगटावर येतं. पाणी कधीच वाफ होऊन निघून गेलेलं असतं, आपल्याला भाजतं ते तेल.

म्हणूनच धुतलेली कढई नीट न पुसता तेल घालून गॅसवर ठेवणं धोक्याचं. बरेचजण म्हणतात जाऊ दे, तापली की पाणी उडून जाईल. नुसती कढई तापवली तर उडून जाईल हो, पण वर तेल घातलंत की ते पाणी तेलाच्या खाली अडकतं. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही, अगदी शांत, आपण पुऱ्या लाटायला वळतो, आणि मग तळाशी एकदम फाट्‌ करून उडतं. गरम तेलात पाणी पडलं तर निदान लगेच कळतं, पण गार तेलाखाली दडलेलं पाणी वेळ काढून बसतं, ते जास्त वाईट. आमच्याकडे फराळाच्या दिवसांत सासूबाईंचा नियम आहे की कढई आणि झारा आधी गॅसवर कोरडे तापवायचे, मगच तेल ओतायचं, आणि झारा मध्ये कधी धुतला तर फडक्याने पुसून वर आचेवर धरायचा. त्या म्हणतात, "अगं, डोळ्याला कोरडा दिसतो गं, पण जाळीच्या भोकांत पाणी असतंच." आणि खरंच असतं, झाऱ्याच्या भोकात पाण्याचा पडदा धरून राहतो, उजेडासमोर धरला की दिसतो.

आवाजाचं सांगायलाच हवं. कढईचा आवाज म्हणजे बुडबुड्यांचा आवाज. थेंब पृष्ठभागाजवळच वाफ झाला तर वरचं तेल फाटतं आणि तड्‌ असा कडक आवाज येतो, आत खोल झाला तर आवाज दबका येतो, बुडबुडा आतल्या आत फुगतो, आकसतो, परत फुगतो. यावर चक्क संशोधन झालंय, २०२२ मध्ये अकिहितो कियामा, टॅड ट्रस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिजिक्स ऑफ फ्लुइड्स या जर्नलमध्ये पेपर लिहिला, गरम तेलात ओल्या चॉपस्टिक आणि ओले कागद बुडवून हायस्पीड कॅमेऱ्याने बुडबुडे टिपले, सोबत आवाज रेकॉर्ड केला आणि बुडबुड्यांचे तीन प्रकार वेगळे काढले. एक पृष्ठभाग फोडून बाहेर येणारा, एक लांबट होऊन तुटणारा आणि एक पूर्ण आतच राहून आकुंचन-प्रसरण करणारा, प्रत्येकाचा आवाज वेगळा. चॉपस्टिक का, तर जपानमध्ये टेंपुरा तळायच्या आधी तेल तापलं का ते बघायला लाकडी चॉपस्टिक तेलात बुडवतात, लाकडातल्या ओलाव्याचे बुडबुडे कसे येतात ते बघतात. आपल्याकडे पिठाची चिमूटभर गोळी टाकतात, ती लगेच बुडबुडे सोडत वर आली की तेल तयार. काम एकच, माहीत असलेलं थोडंसं पाणी आत सोडायचं आणि ते कसं बाहेर येतं ते बघायचं. (काही लोक ओल्या हाताने तेलावर थेंब शिंपडून बघतात, ते मात्र करू नका प्लीज. डोळे कढईवरच असतात त्यावेळी.)

थेंब शिंपडून बघायचा तो तव्यावर, घावन डोशाच्या वेळी. तिथे वेगळंच दिसतं. तवा बेताचा तापला असेल तर थेंब चर्र करून तिथल्या तिथे संपतो, आणि खूप तापला असेल तर, साधारण २०० डिग्रीच्या पुढे, थेंब संपतच नाही, गोल होऊन तव्यावर सरसर पळत राहतो. जास्त गरम असून जास्त वेळ टिकतो. कारण थेंबाच्या खालच्या बाजूची लगेच वाफ होते आणि थेंब त्या वाफेच्या थरावर तरंगतो, तव्याला टेकतच नाही. १७५६ साली योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरांनी लालबुंद तापलेल्या लोखंडी चमच्यात थेंब टाकून हे लिहून ठेवलं, थेंब किती वेळ टिकतो ते लंबकाच्या हेलकाव्यांवर मोजलं, आणि त्यांना दिसलं की चमचा सर्वात जास्त तापलेला असताना टाकलेला पहिला थेंब सर्वात जास्त टिकतो, चमचा थोडा निवल्यावर टाकलेले पुढचे थेंब पटापट जातात. म्हणून थेंब पळायला लागला तर घावन घालायची घाई करू नका, तवा जास्त तापलाय, आच कमी करा.

आता फोडणी. मोहरीच्या दाण्यात थोडं पाणी असतं आणि वर कडक साल, तेलात आतलं पाणी वाफ होतं, दाब वाढतो, साल फुटते, मोहरी तडतडते. म्हणजे मोहरी हा आपला थर्मामीटर आहे, ती तडतडली याचा अर्थ तेल दाण्याच्या आतलं पाणी वाफ करण्याइतकं तापलंय, म्हणून ती आधी घालायची आणि हिंग हळद नंतर, कारण त्या पूड आहेत, त्यांच्यात पाणी जवळजवळ नाही, वाचवायला काही नाही, लगेच करपतात. कढीपत्ता सगळ्यात आवाजी, तो आपण धुऊन तसाच टाकतो, पानाच्या वरचं पाणी आणि पानाच्या आतलं पाणी दोन्ही एकदम. हिरवी मिरची अख्खी टाकली तर आतली वाफ कोंडते आणि ती बंदुकीच्या गोळीसारखी उडते, म्हणून तिला चीर द्यायची, चीर म्हणजे वाफेला दार.

फोडणीत अजून एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात जास्त आवडते. वरणावर फोडणी ओतणं आणि फोडणीत वरण ओतणं, दोन्ही आपण करतो, आणि दोन्हींत तेच तेल, तेच पाणी, पण आवाज बघा किती वेगळा. कोशिंबिरीवर किंवा वरणावर वरून फोडणी घातली की एक चुर्र येतो आणि संपतं. कारण तेल हलकं, ते वरच पसरतं, खाली पाणी आहे ते फक्त जिथे तेलाला टेकलंय तेवढंच उकळतं, आणि वाफेला बाहेर पडायला वरचा पातळ थर फोडला की झालं. शिवाय फोडणी पळीभर आणि वरण पातेलंभर, तेल लगेच निवतं. उलट केलं, म्हणजे कढईत कडकडीत फोडणी आहे आणि त्यात डावभर वरण घातलं, तर पाणी जड म्हणून तेलाच्या खाली घुसतं, तळ तापलेला, वाफ खालून वर उसळते आणि वाटेतलं तेल घेऊन येते. म्हणून फोडणीचं वरण करताना पहिला डाव घातला की लगेच झाकण, आणि मग बाकीचं सगळं एकदम, कारण पहिल्या डावानेच तेल निवलेलं असतं. माझं माहेर रत्नागिरीकडचं, तिथे मासे तळतानाही हेच, आई बंगड्याला मसाला लावून ठेवते, त्याला पाणी सुटतं, आणि तव्यावर टाकायच्या आधी रवा किंवा तांदळाच्या पिठात घोळवते, ते पीठ वरचं पाणी शोषून घेतं. कुरकुरीतपणासाठी आहेच, पण उडू नये म्हणूनही आहे.

आता चकलीच्या घाण्याकडे येते. कच्ची चकली समजा वीस ग्रॅमची, त्यात सहा ग्रॅम तरी पाणी धरा. एक ग्रॅम पाणी खोलीच्या टेंपरेचरवरून शंभरपर्यंत न्यायला साधारण तीनशे ज्यूल लागतात, पण शंभरवरच्या पाण्याची वाफ करायला अजून २२५७ ज्यूल लागतात. म्हणजे तापवण्यापेक्षा वाफ करायला सात पट जास्त. ही सगळी उष्णता तेलातून जाते. तेल तापतं पटकन आणि निवतंही पटकन, त्याची उष्णता धरून ठेवायची ताकद पाण्याच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे हिशोब केला तर एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना एक किलो तेल सव्वा डिग्रीने खाली येतं. पाच चकल्यांचा घाणा, तीस ग्रॅम पाणी, म्हणजे गॅस नसता तर तेल जवळजवळ चाळीस डिग्रीने उतरलं असतं! गॅस मधे मधे भरपाई करत असतो म्हणून तेवढं उतरत नाही, पण तुम्ही घाईघाईने दहा चकल्या सोडल्या तर गॅसला ती भरपाई जमत नाही, तेल १३०-१४० वर येऊन बसतं, चकलीचं बाहेरचं कवच धरायला वेळ लागतो, ती मऊ राहते, तेलकट होते, कधी कधी तेलातच हसते, म्हणजे सुटून विरघळते. ऑर्डर जास्त असली की मोठा घाणा टाकायचा मोह होतो, त्याने वेळ वाचत नाही, जेवढं पाणी काढायचंय तेवढं काढायला गॅसला लागतो तेवढा वेळ लागतोच.

आणि घाणा सोडल्यावर काय होतं ते शांतपणे बघा एकदा, मोबाईल असेल तर स्लो मोशनमध्ये घ्या (स्टँडवर लावून, हातात धरून नको). पहिल्या मिनिटात मोठे मोठे बुडबुडे, चकली दिसतच नाही, नुसता फेस. तो वरच्या थरातल्या पाण्याचा. मग बुडबुडे लहान होतात, आवाज बारीक होतो, वरचं कवच कोरडं झालेलं असतं आणि आतलं पाणी त्या कवचातल्या बारीक भोकांतून वाट काढत येत असतं. इथे मधल्या भागाचं टेंपरेचर अजून शंभरच्या आसपासच असतं बरं का (पुण्यात ९८ म्हणा, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत), बाहेर १७० चं तेल असलं तरी. पाणी आहे तोवर तो भाग त्याच्या वर जात नाही. बाहेरचं कवच मात्र कोरडं झालेलं, त्याला वाचवायला पाणी नाही, म्हणून ते तापतं आणि लाल होतं. मग बुडबुडे एकेक दोनदोन येतात आणि जवळपास थांबतात. थांबले म्हणजे आतलं पाणी संपलं, चकली झाली, काढा. रंगावर जाऊ नका, भाजणी जास्त भाजली असेल तर रंग आधीच येतो आणि आत ओलावा राहतो, दुसऱ्या दिवशी चकली सादळलेली. आमच्या सासूबाई तर कढईकडे पाठ करून करंज्या भरत असतात आणि तिथूनच सांगतात, "झाल्या गं, काढ," नुसत्या आवाजावरून.

काढल्यानंतरचा मिनिटही महत्त्वाचा आहे आणि तिथे बहुतेकजण घाई करतात. तळताना वाफ सतत बाहेर येत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला वावच नसतो. बाहेर काढल्यावर पदार्थ निवायला लागतो, भोकांमध्ये उरलेली वाफ परत पाणी होते, आतला दाब कमी होतो आणि बाहेर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. तळलेल्या पदार्थातलं बरंचसं तेल असं नंतर आत गेलेलं असतं. म्हणून झाऱ्यावर कढईच्या वरच धरून झटकायचं, गरम असतानाच निथळायचं आणि एकावर एक रचायचं नाही. गार झाल्यावर टिश्यू पेपरने कितीही टिपलं तरी आत गेलेलं तेल बाहेर येत नाही.

पुरीचं तर सगळ्यांना माहीत आहे, वरची आणि खालची बाजू पटकन धरते, मधली वाफ कोंडते, पुरी टम्म. कुरडईचं जास्त भारी आहे. उन्हाळ्यात कडकडीत वाळवलेली, आपण समजतो त्यात पाणीच नाही, पण थोडंसं असतंच, गव्हाच्या चिकात धरून राहिलेलं. तेल चांगलं तापलेलं असेल तर तो चीक मऊ होणं आणि त्या पाण्याची वाफ होणं एकाच क्षणी घडतं आणि कुरडई दोन सेकंदात तिप्पट होते. तेल कमी तापलेलं असेल तर वाफ हळूहळू निसटून जाते, फुगवायला काही उरत नाही, आणि मग ती मधे कडक, दातांत अडकणारी. त्यासाठी परत तळून उपयोग नाही, पाणी गेलं ते गेलं. साबुदाणा वडा नेमका उलट्या कारणाने त्रास देतो. भिजलेला साबुदाणा पाण्याने भरलेला, तेलात गेल्यावर त्याचा बाहेरचा थर चिकट होऊन बंद होतो, वाफेला वाट नाही, आणि वडा कढईत फुटतो. दाण्याचं कूट भरपूर घातलं की मिश्रण मोकळं राहतं, वाफेला फटी मिळतात, आणि साबुदाणा भिजवताना पाणी वर उभं राहू द्यायचं नाही, वडा चपटा थापायचा. पहिला वडा टाकला की कढईपासून एक पाऊल मागे.

पाण्यामुळे तेलही खराब होतं. तळताना पाण्याची वाफ तेलातून जाताना तेलाच्या रेणूंना थोडं थोडं तोडत जाते, त्यातून फॅटी अ‍ॅसिड सुटी होतात, तेल लवकर धूर सोडायला लागतं, फेस वर चढतो आणि उतरत नाही. आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, १ जुलै २०१८ पासून नियम केलाय की तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल तळून तळून तुटलं की तयार होणारे पदार्थ) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही. घरी मोजता येत नाही हे, पण फेस बसत नसेल, तेल दाट आणि काळपट झालं असेल, लवकर धूर येत असेल तर ते टाकायची वेळ झाली. आम्ही ऑर्डरीचं तेल दुसऱ्या दिवशी वापरत नाही, परवडतं की नाही हा प्रश्नच घेत नाही.

आता जे सांगायचंय ते कृपया घरातल्या सगळ्यांना वाचायला द्या. तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. पेटलेलं तेल तीनशे डिग्रीच्या वर असतं. त्यात तांब्याभर पाणी ओतलं तर ते जळणाऱ्या थराखालून तळाला जातं आणि तिथे एका झटक्यात १७०० पट होतं, म्हणजे लिटरभर पाण्याची १७०० लिटर वाफ. ती वर येताना सगळं तेल बारीक तुषार करून हवेत फेकते, ते तुषार आधीच पेटलेल्या ज्वाळेतून जातात, आणि ज्वाळा छतापर्यंत जाते. आमच्या ओळखीच्या एका घरात असं झालंय, भजी तळताना फोन आला, तेल तसंच राहिलं, पेटलं, आणि घाबरून सिंकमधलं भांडं ओतलं. माणसं वाचली, पण हात आणि चेहरा भाजला, किचनचं छत काळं. करायचं एवढंच, हात पोचत असेल तर गॅस बंद, बाजूने सरकवत मोठं झाकण किंवा परात घट्ट ठेवायची, आणि कढई उचलायची नाही, हलवायची नाही, झाकण लगेच उघडून बघायचं नाही, कारण तेल अजून तेवढंच गरम असतं, हवा मिळाली की परत पेटतं. आटोक्यात नाही असं वाटलं तर बाहेर पडा, १०१ लावा. आणि तेल उडून भाजलं तर तो भाग साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, हळद नाही, टूथपेस्ट नाही, तूप तर नाहीच. तळण करताना परात कढईच्या शेजारीच ठेवायची सवय लावून घ्या, शोधायला वेळ नसतो.

तुपावर येते, कारण हे सगळं एकाच पातेल्यात, धोका न पत्करता बघायचं असेल तर लोणी कढवण्यासारखं दुसरं काही नाही. विकतच्या बटरमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, घरच्या लोण्यात ताक जितकं राहिलं असेल तितकं जास्त. हे पाणी स्निग्धांशात अगदी बारीक बारीक थेंब होऊन पसरलेलं असतं. म्हणजे लोणी कढवणं म्हणजे लाखो थेंब तेलात उडवणंच, फक्त सगळे बारीक आणि आपण आच कमी ठेवतो म्हणून हळूहळू. लोणी वितळलं की आधी पांढरा फेस येतो आणि कडकड असा मोठा आवाज, मधे मधे ढवळलं नाही तर उसळी मारतं. या काळात तुम्ही थर्मामीटर घातलात तर तो शंभरच्या थोडा वर रेंगाळतो, किती वेळ गॅस दिला तरी, सगळी उष्णता पाणी वाफ करण्यात जाते. मग आवाज उतरतो, कडकड जाऊन बारीक चुरचुर राहते, फेस विरळ होतो, तळ दिसायला लागतो. इथून पुढे थांबायचं नाही पातेल्याजवळून. कारण पाणी संपलं की टेंपरेचरला धरून ठेवणारं कोणी नाही, ते भराभर चढतं, आणि इतका वेळ पांढरी असलेली बेरी दोन-तीन मिनिटांत बदामी होते, अजून दोन मिनिटांत काळी. आमच्याकडे याच वेळी विड्याचं पान टाकतात, ते तुपात गेल्यावर चुरचुरतं, पानातलं पाणी संपलं की गप्प आणि कुरकुरीत होतं, तेव्हा गॅस बंद. पान नसेल तर नुसत्या आवाजावर बंद करा, पातेल्याची उष्णता उरलेलं काम करते, जाड बुडाचं असेल तर जरा आधीच. बेरी गाळून घेतली की तिच्यात साखर घालून लगेच संपते, घरात कोणी ना कोणी वाट बघतच असतं. आणि तूप बरणीत भरायच्या आधी बरणी, गाळणं, चमचा सगळं पूर्ण कोरडं, कारण तूप बाहेर महिनोन्‌महिने टिकतं ते त्यातलं पाणी गेल्यामुळेच, नियमानेही तुपात अर्ध्या टक्क्याच्या वर ओलावा चालत नाही. कढवताना आवाज पूर्ण जायच्या आधीच गॅस बंद केला असेल तर काही आठवड्यांत वास लागतो, अशा वेळी पहिल्याच दिवशी परत पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवा, राहिलेलं पाणी परत कडकड करायला लागेल, ते थांबेपर्यंत कढवा.